साडेबत्तीस अंशाचं घर

बरोबर बाराच्या ठोक्याला यमूलबाईंचा कूलर गप्प झाला आणि दाराशेजारच्या मीटरवर हिरवी अक्षरं उमटली : आपल्या घराचे तापमान साडेबत्तीस अंश. आपण सुखरूप आहात.

बाईंनी ती अक्षरं वाचली. मग दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला थर्मामीटर वाचला. चाळीस. मग खाटेवर पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. व्यंकटेशराव सुखरूप वगैरे काही दिसत नव्हते. कपाळावर घामाचे टपोरे थेंब, श्वास वरच्या वर. गेल्या दिवाळीत झटका आल्यापासून त्यांचं हृदय निम्म्याच जोरानं चालत होतं. खोली छत्तिसाच्या वर जाऊ द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उकाड्यात अंग गार ठेवायला हृदयाला जास्त रक्त फिरवावं लागतं, आणि यांच्या हृदयाला ते झेपणारं नव्हतं.

"मेल्यानं खोटं बोलायचं तरी थोडं कमी बोलावं," बाई मीटरला म्हणाल्या आणि ओला पंचा घेऊन खाटेशी बसल्या.

साल दोन हजार सत्तेचाळीस, महिना मे, गाव सोलापूर. पूर्वी त्रेचाळीस अंश झाले की पेपरात बातमी यायची. आता शेहेचाळीस झाले तरी माणसं नुसती मान हलवतात आणि कांदा खिशात टाकून बाहेर पडतात. दुपारच्या वेळी सगळ्या राज्याचे कूलर आणि एसी एकदम सुरू झाले की वीज पुरत नाही. म्हणून सरकारनं तापमंडळ काढलं, तापमंडळानं 'तापमित्र' नावाचं गणिती यंत्र आणलं, आणि कुठल्या घराला दुपारी किती वीज द्यायची हे ते यंत्र ठरवू लागलं. ज्याचं घर जास्त तापलेलं त्याला जास्त, ज्याचं गार त्याला कमी. ऐकायला किती न्यायाचं वाटतं, नाही का?

बाई राहायच्या त्या वडनाल चाळीचं नशीब असं, की ती कागदावर गार होती. कारण तिच्यावर गारपत्रा होता.

हा गारपत्रा म्हणजे काय, ते एकदा नीट सांगून टाकतो. जगातली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून उष्णता बाहेर टाकत असते. तवा टाकतो, भिंत टाकते, तुम्ही-आम्हीही टाकतो. यातले बरेचसे किरण हवा वाटेतच अडवते. पण किरणांचा एक पट्टा असा आहे, की हवा त्याला आडवी येत नाही. ते किरण थेट वर, वातावरणापलीकडच्या भयंकर थंड पोकळीत निघून जातात. कुणीतरी हुशार माणसांनी एक पातळ पांढरी फिल्म स्वस्तात तयार केली. ती ऊन जवळजवळ सगळं परतवून लावते आणि आपल्या अंगातली उष्णता नेमकी त्या मोकळ्या पट्ट्यातून वर फेकते. वीज नको, पाणी नको, आवाज नाही. भर दुपारी हात लावला तर हवेपेक्षा गार. लोकांनी तिचं लांबलचक सरकारी नाव टाकून दिलं आणि गारपत्रा म्हणायला लागले. चीज सोन्यासारखी होती, त्याबद्दल यमूलबाईंचंही दुमत नव्हतं. चाळीच्या चाळीस पत्र्यांवर ती बसली तेव्हा बाईंनीच नारळ फोडला होता.

पहिली तीन वर्षं खरोखर गारवा मिळाला. मग चाळीच्या पूर्वेला, उत्तरेला आणि दक्षिणेला काचेचे तीन टोलेजंग मनोरे उठले, इतके जवळ की चाळीतल्या वाळत घातलेल्या साड्या त्यांच्या काचांत दिसत. त्यानंतर घर तापायला लागलं. का, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि तापमित्राला तर काहीच माहीत नव्हतं. तो तापमंडळाच्या कार्यालयाच्या गच्चीवरची हवा मोजायचा, कुठल्या छतावर गारपत्रा आहे ते यादीत बघायचा आणि आकडा सांगून मोकळा व्हायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आता बाईंविषयी. सुलोचना यमूल, वय बासष्ट. चौतीस वर्षं हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवलं. पुढं मुलांची उदाहरणं फोन सोडवू लागले, उत्तरं फटाफट मिळू लागली आणि बाईंच्या शिकवणीला कुणी येईना. तेव्हा त्यांनी शनिवारी सकाळी चाळीच्या ओट्यावर फळा टांगला आणि बायकांना बोलावलं. झाकण ठेवून डाळ शिजवली तर गॅस किती वाचतो? इस्त्री आणि मिक्सर एकदम लावला की फ्यूज का उडतो? ओल्या रस्त्यावर स्कूटरचा ब्रेक दाबला तर ती किती फुटांवर थांबेल? बायका आधी टवाळी करायला आल्या आणि मग फळ्याला चिकटल्या. पद्मा गड्डम, टॉवेलांच्या कडा शिवणारी, सातवी नापास, तिला तर असं वेड लागलं की नवऱ्याच्या स्कूटरमागं बसून ती मोठ्यानं वेग सांगायची.

बाईंची पद्धत ठरलेली. आधी 'दिलेलं' लिहायचं, मग 'काढायचं', मग सूत्र, मग उकल, मग उत्तर एककासकट. आणि या सगळ्याच्या डोक्यावर एक जादा ओळ, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती : 'गृहीत'. तुम्ही न सांगता काय धरून चाललात ते आधी कबूल करा. ही ओळ नसेल तर बाकी सगळं बरोबर असलं तरी अर्धा गुण कापला. देव आला तरी कापला.

हे पक्कं लक्षात ठेवा, कारण पुढं बाईंनी स्वतःच ती ओळ लिहिली नाही.

गुरुवारी तापमंडळाच्या कार्यालयात तक्रारींची सुनावणी असे. बाई थर्मामीटर पर्समध्ये घालून, सहा दिवसांच्या नोंदी घेऊन तिथं गेल्या. समोर अधिकारी म्हणून मल्लिनाथ हत्तुरे बसला होता. बाईंचा विद्यार्थी. साधासुधा नाही, बोर्डाच्या सराव परीक्षेत सगळा पेपर बरोबर सोडवून एका 'गृहीत'पायी साडेनव्याण्णव घेतलेला. त्यानं उठून नमस्कार केला, चहा मागवला, मग नोंदी बघितल्या आणि थर्मामीटर कुठं टांगला होता असं विचारलं. बाईंनी सांगितलं, दाराजवळच्या खिळ्याला, नेहमीच्या जागी. दाराची भिंत कुठल्या बाजूची? पश्चिमेची. दुपारभर ऊन खाणारी? हो.

मल्लिनाथनं वही हळूच मिटली.

"बाई, हे खोलीचं तापमान नाही, भिंतीचं आहे. हवा आणि भिंत सारखीच तापते असं तुम्ही धरून चाललात, आणि लिहिलं नाही." तो थोडा हसला. "तेव्हा तुम्ही माझा अर्धा गुण कापला होता. आज मला कापावा लागतोय."

हॉलमध्ये हशा पिकला. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चौतीस वर्षं पोरांना सांगितलं आणि स्वतः वीस वर्षं त्याच खिळ्याला थर्मामीटर टांगला, कारण तो तिथं टांगायची सवय होती.

मल्लिनाथ वाईट नव्हता. बाहेर सोडायला आला, काकांच्या तब्येतीची चौकशी केली आणि एक अर्ज हातात ठेवला. आजारी माणूस असेल तर तेवढ्या खोलीचा कूलर दुपारी चालू ठेवायची सवलत होती. फक्त सही करायची. बाईंनी रिक्षात बसून अर्ज वाचला. पहिलंच वाक्य होतं : माझ्या घराचे तापमान साडेबत्तीस अंश असल्याचे मला मान्य असून...

घरी आल्या तेव्हा तीन वाजले होते आणि व्यंकटेशरावांचे ओठ पांढुरके पडले होते. बाईंनी पेन काढलं. खोटं उत्तर त्यांनी जन्मात कधी लिहिलं नव्हतं, पण त्या क्षणी त्यांना उत्तराची पर्वा नव्हती. चाळीतल्या बाकी एकोणचाळीस खोल्यांचीही नव्हती. हा माणूस हवा होता, बस्स. 'सु' लिहून झाला तोच व्यंकटेशरावांनी हात लांब करून कागद ओढून घेतला, सावकाश वाचला, त्याची आडवी घडी घातली आणि त्यानं स्वतःला वारा घालायला लागले.

"याचा एवढाच उपयोग आहे," ते म्हणाले.

बाईंना रडू आलं. त्या त्यांच्यावर खूप चिडल्या, नाही नाही ते बोलल्या. तुम्हाला काय, तुम्ही जाल सुटून, मी काय करू, असंही बोलल्या. व्यंकटेशरावांनी सगळं ऐकून घेतलं. ते आयुष्यभर यंत्रमाग दुरुस्त करत आले होते, खटखटाटात राहून कमी बोलायची सवय. थोड्या वेळानं ते म्हणाले, की मागावर सारखं सूत तुटायला लागलं की नवे पोरगे सुताला शिव्या देतात. जुना कारागीर आधी माग कुठं ठेवलाय ते बघतो. खिडकीच्या झोतात ठेवला असेल तर चांगलं सूतही तुटतं.

बाईंनी डोळे पुसले आणि वर पत्र्याकडे पाहिलं. सूत चांगलं होतं. मग माग कुठं ठेवला होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी बासष्ट वर्षांच्या बाई शिडी लावून पत्र्यावर चढल्या. खालून पद्मा, पडाल हो बाई, म्हणून ओरडत होती. बाईंनी तिच्याकडून स्टीलची चकचकीत कढई मागून घेतली, पत्र्यावर उपडी ठेवली आणि वरून तिच्यात पाहिलं. कढईच्या फुगीर पाठीवर पत्र्याला दिसणारं सगळं जग गोळा झालं होतं. तीन बाजूंनी काच, काच आणि काच, आणि मधे निळ्या आभाळाचं एक ठिगळ. फोटो काढून त्यावर पद्मानं शंभर चौकोन आखले आणि मोजले. आभाळाचे एक्केचाळीस.

म्हणजे गारपत्रा आपली उष्णता वर फेकत होता, पण निम्म्याहून जास्त ती थंड पोकळीकडे जातच नव्हती. ती तापलेल्या काचांवर जात होती, आणि त्या काचा तिच्यापेक्षा जास्त उष्णता आणि ऊन उलट पत्र्यावर टाकत होत्या. पत्र्याला आकाश दिसलं पाहिजे, ही साधी गोष्ट. ती यंत्रानं गृहीत धरली होती आणि कुणीच लिहिली नव्हती.

पण एकदा तोंड पोळलेलं होतं. आता बाई ताकही फुंकून पिणार होत्या. त्यांनी आइस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलचे दोन डबे आणले. प्रत्येकात एक लिटर पाण्याचं स्टीलचं पसरट भांडं, भांड्याच्या झाकणावर गारपत्र्याचा एक-एक फूट लांबीरुंदीचा तुकडा, पाणी झाकणाला टेकेल इतकं काठोकाठ. थर्मामीटर भिंतीला नाही, पाण्यात. एक डबा चाळीच्या पत्र्यावर, दुसरा गावाबाहेर मोकळ्यावर राहणाऱ्या पद्माच्या बहिणीच्या पत्र्यावर. दोन्हीकडे पाणी सारखंच कोमट घेतलं, वेळ एकच धरली, दुपारी एक ते दोन. चार दिवस.

बहिणीकडचं पाणी तासाभरात तीन अंशांनी उतरायचं. चाळीतलं एका अंशानं चढायचं. पुढचं उदाहरण पद्मानंच फळ्यावर सोडवलं. एक लिटर पाणी एक अंशानं बदलायला बेचाळीसशे ज्यूल लागतात, तासाचे सेकंद छत्तीसशे. बहिणीच्या पत्र्याचा तुकडा साडेतीन वॅटनं उष्णता बाहेर टाकत होता, तर चाळीतला तुकडा सव्वा वॅटच्या आसपास आत घेत होता. सातवी नापास बाईनं उत्तर काढलं, खाली दोन रेघा मारल्या आणि एकक लिहिलं. ओट्यावर टाळ्या पडल्या.

पुढच्या गुरुवारी सुनावणीला बाई एकट्या गेल्या नाहीत. चाळीस खोल्यांतली एकशे तीस माणसं गेली. व्यंकटेशरावांना खाटेसकट टेम्पोतून नेलं आणि हॉलमध्ये एसीच्या झोताखाली ठेवलं. ते छान डोळे मिटून पडले. किती तरी दिवसांनी त्यांचा श्वास शांत चालला होता.

बाईंनी कार्यालयाच्या फळ्यावर पहिली ओळ लिहिली : गेल्या वेळी माझं गृहीत चुकलं होतं. भर सभेत, सगळ्यांदेखत. मग कढईचा फोटो लावला, दोन डब्यांच्या नोंदी लिहिल्या आणि शेवटी ठळक अक्षरांत तापमित्राचं न लिहिलेलं गृहीत लिहिलं : प्रत्येक छताला पूर्ण आकाश दिसते.

मल्लिनाथनं फळ्यावरची एकेक ओळ वाचली. त्याला सगळं समजलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मग त्यानं खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड केलं. म्हणाला, तापमित्रात आकाशासाठी रकानाच नाही. आणि यंत्राचा आकडा खोडायचा तर प्रमाणित उपकरणाचीच नोंद लागते. डबे आणि कढया चालत नाहीत.

"पाण्याला प्रमाणपत्र कुणी द्यायचं, मल्लिनाथ?" बाईंनी विचारलं. "ते चारशे वर्षांपूर्वीही असंच तापायचं."

त्यानं सुनावणी संपल्याचं जाहीर केलं आणि सगळ्यांनी आता घरी जावं, अशी विनंती केली. कुणी उठलं नाही. उलट पद्मानं सतरंजी पसरली. बायकांनी जेवणाचे डबे सोडले. शिपायानं दारं उघडायची धमकी दिली, तेव्हा बाईंनी त्याला मायेनं समजावलं, की बाहेर पंचेचाळीस अंश आहेत, उघड बाबा. त्यानं दारं उघडलीच नाहीत.

मग बाईंनी हॉलच्या मधोमध, पंख्याच्या दांडीला दोरी बांधून थर्मामीटर सोडला. भिंतीपासून लांब, उन्हापासून लांब, एसीच्या झोताबाहेर. पंचवीस अंश. आणि फळा पुसून त्यांनी नवं उदाहरण लिहिलं. गृहीत : दारं बंद राहतील, कुणी उठून जाणार नाही. दिलेलं : शांत बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो, माणसं एकशे तीस, हॉलचा एसी वीस माणसांपुरता. काढायचं : हॉलचं तापमान साडेबत्तीस केव्हा होईल?

एकशे तीस माणसं म्हणजे तेरा हजार वॅट. तेरा मोठ्या इस्त्र्या एका खोलीत पेटवून ठेवल्यासारखं. कुणी घोषणा दिली नाही, कुणी टेबल वाजवलं नाही. माणसं नुसती बसली, जेवली, गप्पा मारत राहिली आणि शंभर-शंभर वॅट देत राहिली. सव्वा वाजता अठ्ठावीस झाले. कारकुनांनी कॉलर सैल केल्या. पावणेदोनला एकतीस. मल्लिनाथनं पाण्याची बाटली संपवली. बाई थर्मामीटरखाली उभ्या होत्या, आणि एक डोळा खाटेवर. व्यंकटेशरावांनी खिशातून तो घडी घातलेला अर्ज काढून वारा घ्यायला सुरुवात केली होती. छत्तीस झाले तर काय करायचं, ते बाईंनी ठरवलेलं नव्हतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी पारा बरोबर साडेबत्तीसवर आला.

"मल्लिनाथ, ये, बघ," बाई म्हणाल्या. "आमच्या घराचं तापमान साडेबत्तीस आहे, असं तुझं यंत्र रोज लिहून देतं. सगळं गाव धुंडाळलं, साडेबत्तीस अंशाची एकच जागा सापडली. तेव्हा आमचं घर हेच. उद्यापासून रोज बाराला येऊ."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मल्लिनाथ थर्मामीटरपाशी आला, आकडा पाहिला, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. मग तो खाटेकडे गेला आणि व्यंकटेशरावांच्या हातातला अर्ज त्यानं मागून घेतला. वरचं वाक्य वाचलं. खाली अर्धवट 'सु' होता. तो वाचताना त्याची मान खाली गेली.

प्रत्यक्ष पाहणीचा अहवाल हातानं लिहायचा अधिकार त्याला होता. गेल्या सहा वर्षांत कुणी वापरला नव्हता, कारण पूर्वी वापरणाऱ्याला आधी वरून फोन यायचा आणि मग बदलीचं पत्र. हे त्यानंच बाईंना सांगितलं, आवाज खाली घेऊन. बाई म्हणाल्या, येईल, नक्की येईल. त्या खोटा धीर देत बसल्या नाहीत.

त्यानं पाहणीसाठी गाडी मागवली आणि बाईंना बरोबर घेतलं; व्यंकटेशराव पद्माजवळ हॉलमध्येच, एसीच्या झोताखाली राहिले. साडेतीनला तो चाळीच्या पत्र्यावर उभा होता, पाय पोळत, उपड्या कढईवर वाकून. मग खाली येऊन बाईंच्या रिकाम्या खोलीत, बंद कूलरसमोर, खोलीच्या मध्यभागी थर्मामीटर धरून त्यानं पंधरा मिनिटं काढली, आणि तिथंच जमिनीवर बसून अहवाल लिहिला. तेवढ्यात त्याचा फोन दोनदा वाजला. त्यानं उचलला नाही.

कागद त्यानं बाईंच्या पुढं धरला. बाईंनी चष्मा लावून उभ्यानंच वाचला. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, गृहीत : छताला पूर्ण आकाश दिसते. हे गृहीत वडनाल चाळीबाबत चूक आहे. त्याखाली कढईचे एक्केचाळीस चौकोन, दोन डबे, सगळं जिथल्या तिथं. शेवटी खोलीचं तापमान आणि चाळीसही खोल्यांचे कूलर आजपासून चालू ठेवण्याचा आदेश.

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि शेवटच्या ओळीतल्या आकड्याभोवती गोल केला.

"अडतीस काय? शेळ्या की केळी?" त्या म्हणाल्या. "एकक लिही, मग सही कर."

मल्लिनाथनं निमूटपणे 'अंश सेल्सिअस' लिहिलं आणि सही केली. मग मीटरला आपलं ओळखपत्र लावून आदेश भरला. कूलर घरघरला आणि खोलीत वाळ्याचा ओला वास पसरला.

बाई ओट्यावर आल्या आणि टेम्पो परत फिरवून यांना घरी आणा म्हणून पद्माला फोन केला.